हँगरवरच्या अकरा जर्सी

"सेन्योरा, ही यादी तुम्ही कोणाला दाखवलीत?" कोचनी दार लावून घेतलं आणि विचारलं.

"कोणालाही नाही. ड्रॉवरला कुलूप आहे."

"किल्ली?"

"माझ्या पर्समध्ये."

ईरा, निहार, आजी फुटबॉल क्लबात नक्की काय करते असं तुम्ही विचारता. मी टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. व्हिसा, बस, फॉर्म, कपडे, सगळं माझ्याकडे. आमचे कोच स्पेनचे. पंधरा वर्षं ते सेंटर-बॅक होते, म्हणजे आपल्या गोलसमोर पहारा देणारे. गुडघा गेल्यावर त्यांनी शाळकरी मुलांच्या टीम शिकवल्या, मग मोठ्या टीम, आणि तसं करत करत कुवेतला पोचले.

सामन्यात कोणते अकरा खेळणार हे ते आदल्या दिवशी ठरवत. खेळाडूंना मात्र सामन्याच्या दिवशीच कळे. तोवर यादी फक्त दोघांकडे असे. एक असिस्टंट कोच करीम, ट्युनिशियाचा. दुसरी मी, कारण अधिकृत फॉर्म मी भरते.

आम्ही ओळीनं तीन सामने हरलो. तिन्ही वेळा आमचा बचाव वेगळा होता. तिन्ही वेळा समोरच्यांचा सर्वांत वेगवान खेळाडू पहिल्या मिनिटापासून आमच्या सर्वांत कच्च्या माणसावर धावून आला.

"एकदा नशीब म्हणेन," कोच म्हणाले. "तीनदा नाही. पाठीमागून कोण येतंय हे बघण्यात माझी अर्धी जिंदगी गेली आहे."

क्लबचे मॅनेजर अबू नासर यांनी एवढंच सांगितलं, की यादी फोडणारा सापडला की त्याचा इकामा रद्द. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो गेला की नोकरी गेली, घर गेलं, सामान बांधायचं.

माझा संशय करीमवर होता. मी खोलीत गेले की तो फोन पालथा ठेवायचा. मी हे कोचना सांगितलं. पण मी करीमकडे जशी बघत होते, तसेच ते माझ्याकडे बघत होते.

पुढच्या सामन्याआधी त्यांनी मुद्दाम दोन खोट्या याद्या दिल्या, अर्थात आम्हाला न सांगता. माझ्या यादीत उजव्या बाजूला दोन नंबरऐवजी कच्चा बारा नंबर होता. करीमच्या यादीत डाव्या बाजूला तीनऐवजी तेरा. प्रत्यक्षात दोन आणि तीन दोघंही खेळले. समोरचा वेगवान खेळाडू सुरुवातीलाच आमच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

म्हणजे फुटली ती माझी यादी.

"उद्या सकाळी अबू नासरना भेटायचं आहे," कोच थंडपणे म्हणाले. "तुम्हीही या."

मी घरी आले आणि त्या सामन्याचे फोटो उघडून बसले. रांगेत उभे असलेले अकरा खेळाडू. दहा जर्सी सपाट. दोन नंबरच्या जर्सीवर मात्र छातीपासून पोटापर्यंत घडीची रेघ.

ती रेघ माझ्यामुळे होती. क्लबचं मशीन बिघडल्यापासून जर्सी मिरकाब भागातल्या एका लाँड्रीत जात. ड्रेसिंग रूममध्ये गोंधळ नको म्हणून मी चिठ्ठी लावत असे: हे अकरा नंबर हँगरवर, बाकीचे घडी घालून. दोन नंबर माझ्या यादीत नव्हता, म्हणून घडीत गेला.

सकाळी आधी लाँड्री गाठली. मालक हनीफभाई रत्नागिरीचे. अकरा हँगर ते दुकानाच्या काचेला लागूनच टांगत.

"मग, ताई? तुमचीच चिठ्ठी हाय," ते म्हणाले. "काय चुकलं काय?"

"हे बघायला कोणी येतं?"

"बघायला कशाला येईल? एक जण येतो, एकच दिशदाशा इस्त्रीला घेऊन. मॅचच्या आदल्या दिवशीच येतो बघा. चहा पितो, जर्सींचे फोटो काढतो. मी म्हटलं, शौकीन दिसतोय. आपल्याला काय, आपलं क्रिकेट!"

दिशदाशा म्हणजे इथले पुरुष घालतात तो लांब झगा. मी सरळ अबू नासरांच्या ऑफिसात गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोटोतली रेघ कोचनी बोटानं दाखवली आणि हसायला लागले.

"आजपासून हँगरची चिठ्ठी मी लिहिणार," ते म्हणाले. "चुकीची."

पुढचा सामना आम्ही एका गोलनं जिंकलो. तो दिशदाशावाला पुन्हा आला नाही. तो कोणाचा माणूस होता, हे कळलं नाही. माझा इकामा राहिला. करीमची मी माफी मागितली. फोन पालथा का ठेवतो हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गुपित फुटलं तर दुसऱ्याचा फोन बघण्याआधी आपण सोयीसाठी काय काय लिहून बाहेर पाठवतो ते एकदा वाचावं. मी आता वाचते. करीमच्या फोनकडेही अधूनमधून बघते.