वर आलेला खडा

पारनेरच्या अंगाला विहिरी लई खोल. बाप खडक फोडायला लागतो आणि पाणी पोराच्या नशिबाला लागतं. तेही तळाशी, मांजराच्या डोळ्याएवढं. अशा विहिरीत कुणाचा हंडा पडला, कुणाच्या पोहऱ्याची दोरी तुटली, कुणाचं रेडकू कडेवरनं घसरलं, की हाक जायची गहिनीनाथाला.

गडी काळा, आडव्या हाडाचा, नाकपुड्या बैलासारख्या रुंद. जमिनीवर चालताना फतक फतक चालायचा, जणू जमीन त्याला पायातल्या जोड्यासारखी चावत होती. पाण्यात शिरला की मासळी. शेत बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. बापानं मरताना त्याला दिली ती एकच इस्टेट, खडा टाकायची रीत. कुठल्याही पाण्यात उतरायच्या आधी काठावर उभं राहायचं, एक खडा खाली सोडायचा आणि कान कलता करून ऐकायचं. पाणी किती उभं आहे, खाली गाळ आहे का खडक, मधे कुठं काटेरी फांदी अडकलीय का, हे सगळं तो आवाज सांगायचा. "पान्याला इचारल्याबिगर पान्याच्या घरात शिरू न्हाई," बाप म्हणायचा. गहिनीनाथ विचारल्याशिवाय कधी शिरला नाही. कुणी कितीही घाई केली, बायामाणसं काठावर ऊर बडवत असली, तरी आधी खडा.

आणि दुसरी गोष्ट त्याचा शब्द. पाण्याखाली माणूस एकटा जातो. तिथं ना पंच, ना साक्षीदार. वर येऊन तो "न्हाई" म्हणाला की नाही, "हाय" म्हणाला की आहे. एकदा आबासाहेब पाटलांच्या सुनेचे तोडे विहिरीत पडल्याचा बोभाटा झाला. गहिनीनाथानं सगळा तळ चाचपला आणि वर येऊन सांगितलं, "हितं न्हाईत, आबासाहेब. घरात बघा." आबासाहेबांनी विहिरीकडं परत ढुंकूनही पाहिलं नाही. तोडे कडब्याच्या गंजीत सापडले. बुड्या मारणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे हा शब्द. तो गेला की उरतो नुसता ओला माणूस.

जर्मनच्या लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, अंगावर घालायला धडुतं मिळेना. अशात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात, जिथं नदीनं खडकात रांजणासारखे खड्डे कोरलेत, तिथं पुण्याकडची एक सिनेमाची कंपनी येऊन उतरली. बांबू, तट्टे आणि गिलावा लावून त्यांनी काठाच्या कड्यावर किल्ल्याचा तट उभा केला. लांबून हुबेहूब. जवळ गेलं, की शेळीच्या ढुशीनंही पडेल असा. त्या तटावरून खालच्या डोहात उडी मारणारा माणूस त्यांना पाहिजे होता. डोह अरुंद, चारी बाजूंनी खडकाच्या धारा. कंपनीतल्या गड्यांनी खाली वाकून बघितलं आणि मागच्या मागं सरकले. मग कुणीतरी गहिनीनाथाचं नाव सांगितलं. तो निघाला, बरोबर लहानपणापासूनचा सोबती भिमाजी. दोघांची शेतं बांधाला बांध, दोघांची बैलं पैऱ्यानं एकमेकांच्या औताला जुंपलेली.

कंपनीचा चष्मेवाला साहेब बोलायला गोड होता. त्यानं समजावलं, की लढाईमुळं फिल्म मिळत नाही, तेव्हा उडी एकदाच; चुकायचं नाही. राजपुत्र झालेला नट छत्रीखाली पावडर लावून बसला होता. त्याच्यासारखंच धोतर गहिनीनाथाला नेसवलं. पाठमोरं उडायचं, तोंड दिसता कामा नये, असंही सांगितलं. यंत्र फिरायला लागलं, साहेबानं हात केला, तर हा तटावर नुसताच उभा.

"आदी पान्याला इचारू द्या, साहेब," तो म्हणाला.

माणसं हसली. फिल्म फुकट जाईल म्हणून साहेब तडकला. पण खडा टाकल्याशिवाय गडी हलेना, तेव्हा म्हणाला, टाक बाबा, काय टाकायचं ते टाक, यंत्र चालू राहू दे. गहिनीनाथानं खडा सोडला, कान कलता करून ऐकलं आणि उडाला, सरळ, पाय खाली, हात अंगाला चिकटवून. खाली खडकाला नडगी घासून मांस निघालं. भिमाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानंच काखेत हात घालून बाहेर ओढला, आपल्या मुंडाशाचं फडकं फाडून पाय बांधला आणि रडकुंडीला येऊन चार शिव्या घातल्या.

मजुरीचं गहिनीनाथानं काही काढलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, की लोकांना दिसेल का?

साहेब म्हणाला, "अरे, सगळा मुलूख तुझी उडी बघेल."

अंगावरचं धोतर त्यांनी त्यालाच दिलं. त्या दिवसांत नवं धोतर म्हणजे काय ते ज्यानं फाटकं नेसलं त्याला ठाऊक. वाटेनं येताना भिमाजी म्हणाला, की तोंड तर दिसणारच नाही, मग तुला ओळखणार कोण? गहिनीनाथ लंगडत चालत होता. तो म्हणाला, "उडीला काय तोंड लागतं व्हय?"

त्यानंतर या न बोलणाऱ्या माणसाला बोलायचं एक निमित्त मिळालं. पारावर, सुताराच्या पडवीत, जिथं बसेल तिथं कुकडीची उडी निघायची. त्याची बायको लंकाबाई कंटाळून म्हणायची, की ह्यांनी एकदाच उडी मारली, पण मी रोज भिजते. कुणी थट्टा केली तर गहिनीनाथ म्हणायचा, पिक्चर येऊ द्या, मग बोलू. आणि भिमाजी शेजारी बसून मान डोलवायचा, "म्या डोळ्यानं बघितलंय."

लढाई संपली. त्याच्या पुढच्या चैत्रात नाथाच्या जत्रेला गावात तंबू लागला, आणि तोच पिक्चर आला. दिवेलागणीला इंजिन धडधडायला लागलं. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला, आबासाहेब पुढं खुर्चीवर. गहिनीनाथ कंपनीचं धोतर नेसून आलेला. लंकाबाईनं ते त्या दिवसासाठीच घडी मोडू न देता ठेवलं होतं. शेजारी भिमाजी.

पिक्चर होता एका भाविक राजपुत्राचा. दुश्मन त्याला हातपाय बांधून डोहात टाकतात. सगळं अंधारात, सावल्या सावल्यांत. राजपुत्र बुडतो. त्याची आई देवाला आळवते. मग पडद्यावर कुकडीचा डोह आला, तो तट आला. गहिनीनाथ गुडघ्यांवर उठला.

तटावर कुणीच नव्हतं.

डोहातलं पाणी आधी खवळलं. मग चारी बाजूंनी पांढरे तुषार धावत आले, मधोमध गोळा झाले, आणि त्यांतून माणूस निघाला. आधी डोकं, मग खांदे, मग पाय. खाली पाणी गपकन मिटून तेलासारखं शांत झालं. माणूस सरळ वर, वर, पाखरासारखा, आणि येऊन तटावर उभा. अंगावर पाण्याचा थेंब नाही. तिथं त्यानं कान कलता केला, आणि त्याच वेळी आभाळातून देवी बोलली. बोलणं संपलं तसा डोहातून एक खडा उसळला आणि अल्लद त्याच्या हातात आला. मग राजपुत्राचं पावडर लावलेलं तोंड दिसलं, आणि तळहातावर लखलखणारा मणी.

तंबूत एकच गलका झाला. कुणी पडद्यावर फुलं टाकली, कुणी तंबूच्या खांबावर नारळ फोडला. भिमाजीनं तर मोठ्यानं नाथाच्या नावानं चांगभलं केलं आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. बायांच्या अंगाला लंकाबाई एकटीच मान वळवून नवऱ्याला शोधत होती. खडा तिनं ओळखला होता.

गहिनीनाथ उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर राजपुत्राच्या छाताडावर पडली. "ती उडी माजी हाय. ह्यांनी उलटी लावलीया." मागून ओरडा झाला, खाली बस. तो बसेना, तेव्हा दोघांनी खांदे धरून बसवला.

पिक्चर सुटल्यावर बत्तीच्या उजेडात माणसं त्याच्याभोवती जमली. आबासाहेबांनी नीट विचारलं, की बाबा, तू तर म्हणत होतास खाली उडी मारली. हा तर वर गेला. गहिनीनाथानं कधी नव्हे इतकं बोलून घेतलं. पाण्यात माणूस पडला की तुषार बाहेर उडतात, आत गोळा होत नाहीत. पाण्यातून निघणारा कोरडा निघत नाही. आणि धोतराकडं बघा. "वर जानाऱ्याचं धोतर खाली लोंबंल का न्हाई? ह्याचं सोगं डोक्याकडं उबं हाय. म्हंजी गडी खालीच पडतुया."

बनुबाई न्हावीण मागं उभी होती, ती म्हणाली, "देवाच्या घरचं धोतर हाय ते. ते वरच जानार." हशा पिकला. लंकाबाई पुढं होऊन म्हणाली, की खडा ह्यांचा आहे, असा खडा दुसरं कोण टाकतं? तर कुणीतरी म्हणालं, बायको काय नवऱ्याच्या विरुद्ध साक्ष देणार?

आबासाहेबांनी हात वर केला. "भिमाजी, तू गेल्तास ना संगं? तू सांग."

गहिनीनाथ सुटल्यासारखा हसला. त्याला वाटलं, संपलं. त्यानं धोतर वर करून नडगीवरचा वण पुढं केला, भिमाजीला आठवण द्यायला नव्हे, नुसता सोबतीला.

भिमाजीनं वणाकडं बघितलं. मघाशी चांगभलं सगळ्यांत मोठ्यानं त्याचंच निघालं होतं, आणि ते आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. चमत्कार खोटा म्हणावं तर पहिला येडा तोच ठरत होता.

"म्या खाली खडकात हुतो, आबासाहेब," तो म्हणाला. "मला नीट दिसलं न्हाई."

गहिनीनाथानं धोतर खाली सोडलं. पुढं कुणी काय म्हणालं ते त्यानं ऐकलं नाही. घरी आल्यावर त्यानं धोतर फेडून कोपऱ्यात टाकलं. लंकाबाईनं दुसऱ्या दिवशी ते फाडून चुलीपुढचं पोतेरं केलं, आणि त्यानं तिला का म्हणून विचारलं नाही. कंपनीचा साहेब परका होता. परक्यानं फसवलं तर माणूस शिवी देऊन मोकळा होतो. शिवी देऊन मोकळं होता येईना ते भिमाजीपाशी.

गावानं त्याचं नाव उलटा गहिना ठेवलं. नावाचं त्याला काही वाटलं नसतं; गावात लंगडा, बोबडा, कानफाट्या सगळेच होते. पण जत्रा होऊन थोडे दिवस झाले आणि मालनबाईची नथ विहिरीत पडली. हा उतरला, तळ चाळून वर आला, म्हणाला, "न्हाई हितं." मालनबाई म्हणाली, "न्हाई म्हंजी न्हाई, का उलटं समजायचं?" आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिनं दुसऱ्याला विहिरीत उतरवलं. त्यालाही नथ मिळाली नाही. पण गहिनीनाथ काठावर पाणी निथळत उभा होता, आणि त्याच्या शब्दाचं सगळं भांडवल कुणीतरी चाचपून बघत होतं. त्या दिवसापासून त्यानं बुडी सोडली. हाक आली की सांगायचा, कान दुखतोय.

वैशाखात भिमाजीच्या मोटेचा नाडा तुटला आणि लोखंडी कड्यासकट मोट तळाला गेली. गळ टाकून टाकून हात दुखले. शेतात गुरांच्या चाऱ्याचा घास करपत चालला, बैलं उभी. खाली पाणी थोडं, खडक फार. जाणत्याशिवाय उतरणं म्हणजे डोकं फोडून घेणं. भिमाजी गहिनीनाथाच्या दारात आला. लंकाबाईनं पाट दिला नाही, पाणीही नाही. गहिनीनाथ मात्र उठला आणि मुकाट्यानं त्याच्या मागं चालू लागला.

विहिरीवर दोघांशिवाय कुणी नव्हतं. भिमाजीनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. खाली बघत म्हणाला, "गहिना, तू उडी मारलीस. मला म्हाईत हाय. म्या बघितली."

"तुला म्हाईत हाय हे मला बी म्हाईत हाय," गहिनीनाथ म्हणाला. "तंबूत म्हाईत न्हवतं व्हय?"

"समदी हसत हुती रं."

"व्हय. तू बी त्यांच्यात बसून घेतलंस."

भिमाजी म्हणाला, की चल आत्ता, आबासाहेबांपुढं सांगतो. गहिनीनाथानं नकाराची मान हलवली. म्हणाला, आता मोट पाण्यात आहे, आता तू कायबी सांगशील, आणि गाव म्हणेल मोटेपायी बोलतोय. तुझा शब्द बी आता माझ्या शब्दासारखाच झाला.

मग तो मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी गेला. वाकून एक खडा उचलला, काठावर उभा राहिला आणि खाली सोडला. डुबुक झालं. त्यानं कान कलता करून सवयीनं ऐकलं. मोट कुठं आहे, तिचं कडं कुठं आहे, ते त्याला कळलं असणारच. त्यानं हात धोतराला पुसले.

"ह्यो खडा वर आला की हाक मार," तो म्हणाला. "उतरतो."

आणि तो बांधावरनं फतक फतक घरी निघून गेला.

भिमाजी तसा शहाणा माणूस. पण त्या वाटेनं शेरडं घेऊन चाललेल्यांनी त्याला बघितलं. मुंडासं हातात धरून तो बराच वेळ विहिरीत वाकून उभा होता.