कमळ काही उमलेना

माझ्या ताईच्या लग्नातलं कमळ मी उडवलं. अगदी चांगल्या हेतूनं, आणि बॅकअप न घेता.

वालूरला माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ आहे. ते करतात त्या प्रत्येक लग्नाच्या शूटिंगमध्ये शेवटी एक भलंमोठं गुलाबी कमळ उमलतं आणि आतून नवरा-नवरी हळूहळू वर येतात. लग्न विहारात लागलेलं असो की मांडवात, कमळ आल्याशिवाय ते पूर्ण झालं असं आमच्याकडे कुणी मानत नाही! हे कमळ होतं एका जुन्यापुराण्या सॉफ्टवेअरमध्ये. ताईच्या सासूबाईंनी झरीहून फोनवर बजावलं होतं, "थोरल्या सुनेच्या शूटिंगला कमळ होतं. धाकटीच्या बी पाहिजे. रविवारी समदे येतो बघायला."

पाठोपाठ ताईचा फोन. "कमळ नसलं ना, तर मला जन्मभर ऐकावं लागेल."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मी काकांच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन विंडोज टाकलं. (शाळा इंग्रजी माध्यमाची, चारचौघांत तोंड उघडायचं नाही, पण कॉम्प्युटरपुढे वाघीण!)

"काका, बघा आता कसा पळतो!"

पळाला. कमळ मात्र मागेच राहिलं. सॉफ्टवेअरवर क्लिक केलं की ते क्षणभर उघडायचं आणि काही एरर न दाखवता गुपचूप बंद पडायचं.

"काय करायलंय ते?" काकांनी विचारलं.

"कम्पॅटिबिलिटीचा प्रश्न आहे."

"म्हंजी?"

"जुन्या सॉफ्टवेअरला नवं घर मानवत नाहीये."

काकू चहा ठेवत म्हणाल्या, "मानवंल की. मला तुमचं घर अजून कुठं मानवलंय!"

मी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटी मोड लावला. म्हणजे सॉफ्टवेअरला खोटंच सांगायचं की बाबा, तू अजून जुन्याच विंडोजमध्ये आहेस. तिथे जेवढे चौकोन दिसले तेवढ्यांवर टिक केलं. (कंजूषपणा कशाला?) आणि कमळ उमललं! फक्त त्यातल्या एका चौकोनानं रंग कमी केले होते. ताई हिरवी आणि दाजी जांभळे.

"जावई वांग्यावानी दिसायलेत गं!" काका घाबरले.

तो टिक काढला. जावई माणसांत आले. पण सेव्ह दाबलं की पुन्हा गुपचूप बंद! ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, तरी बंद. शेवटी ठरवलं, जुनंच विंडोज परत टाकू. तर त्याची सीडी काकूंनी पाखरं हाकलायला ज्वारीत टांगलेली! शेतात जाऊन पाहिली. पाखरं तिच्यावर चोची घासत होती.

मग मला ती थोर कल्पना सुचली. सेव्ह होत नाही ना? मग सॉफ्टवेअरमध्ये शूटिंग चालवायचं आणि स्क्रीनच रेकॉर्ड करायची! नव्या विंडोजमध्ये स्पीकरही चालत नव्हता, पण म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येईल आपोआप. रिकाम्या स्टुडिओत बसून मी सगळं रेकॉर्ड केलं, आवाजाविनाच तपासलं, पेनड्राइव्ह काकांच्या हातात ठेवला.

"हाय का कमळ?"

"आहे. एकदम क्लिअर."

रविवारी ताई-दाजींसकट झरीचे पाहुणे आमच्या घरी आले. जयभीम झाले, चहा-चिवडा झाला, टीव्ही लागला. चित्र सुंदर. पण ना गाणं, ना वंदना. आणि अचानक, भरल्या घरात, माझा आवाज!

"अय्या, ह्या सासूबाईंनी कॅमेरा दिसताच पदर सावरला. परत सावरला. अहो, राहू द्या की आता!"

रेकॉर्डरनं शूटिंगचा आवाज घेतलाच नव्हता, माइकचा घेतला होता! (एकटी असले की मी बरीच बोलते. हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.)

"दाजी, हसा ना जरा! लग्न आहे, दात नाही काढायचाय!"

दाजींनी चिवड्याची बशी खाली ठेवली. काकांना रिमोट सापडेना. (ताई त्यावर बसली होती.) आणि शेवटी ते कमळ आलं.

"उमल बाई, उमल! नाहीतर सासूबाई ताईचा जीव खातील!"

कमळ उमललं. ताईनं डोळे मिटले.

सासूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या. "ही पोरगी बोलती व्हय? मला वाटलं, मुकी हाय!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अवो, पुन्हा लावा ना. माझ्या पदरापासून!"

त्या दिवशी शूटिंग पुन्हा पुन्हा लागलं. निघताना त्या काकांना म्हणाल्या, "थोरलीच्या शूटिंगमधी असं बोलणं न्हवतं. तिच्या बी टाका." मग ताईकडे पाहून, "जीव खाते व्हय मी?" आणि तिला जवळ घेतलं.

आता वालूरात लोक काकांना कमळ मागत नाहीत, "ती बोलणारी पोरगी" मागतात. काका परवा एका नवरदेवाच्या अख्ख्या खानदानाला स्टुडिओत घेऊन आले, माझ्यापुढे माइक धरला आणि अभिमानानं म्हणाले, "हं, बोल बाळा!"

मी क्षणभर तोंड उघडलं आणि काही एरर न दाखवता गुपचूप बंद पडले.