पट्टेवालीच्या पानांवरची वर्तुळं

कल्पना करा, तुमच्या तळहातावर एक पान आहे. जाड, गुबगुबीत, मांजराच्या कानासारखी लव असलेलं. त्या लवेवर फिकट पिवळी वर्तुळं उमटली आहेत. झाड तुमचं नाही. ते जिचं आहे ती बाई दवाखान्यात आहे, तिच्या हृदयाची झडप आठ दिवसांपूर्वी बदलली आहे, आणि रोज चार वाजता ती आधी या झाडाची चौकशी करते. आता सांगा, हा रोग कोणता आणि औषध काय?

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात रंगनाथकाकांनी असं पान माझ्यासमोर धरलं. नाशिक रोडला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मी नुकतीच कृषी पदविका पास झाले होते, म्हणून त्यांच्या लेखी मी डॉक्टर.

"सायले, ही डावणी हाय का गं? खरं सांग."

डावणी हा द्राक्षावरचा रोग. दवाखान्यातल्या चंद्रभागाकाकूंचं, त्यांच्या बायकोचं, माहेर निफाडचं. तिथे पानावर पिवळा डाग दिसला की घरचे सगळे फवारणीचा पंप शोधायला धावतात. काकांनी सासुरवाडीत तेच पाहिलं होतं, आणि तेच केलं होतं. खिडकीतल्या अकराही आफ्रिकन व्हायोलेटांवर मोरचूद-चुन्याचा निळसर थर बसला होता.

मी भिंगातून पान पाहिलं. डावणी असती तर पानाखाली पांढरी बुरशी दिसली असती. खालची बाजू स्वच्छ होती. डाग फक्त वर, आणि प्रत्येक डाग थेंबाएवढा.

"काका, पाणी कसं देता?"

"कसं म्हणजे? मारतो की. पहाटे, पिंपातलं, गारेगार. पानं कशी टवटवीत दिसत्यात."

काका मखमलाबादच्या फुलमळ्यातले. चाळीस वर्षं गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात झेंडू आणि गुलाब विकले. ओल्या गोणपाटावर ढीग मांडायचा, दर थोड्या वेळाने पाण्याचा हबका मारायचा. फूल दिसलं की त्यांचा हात आपोआप पाण्यात जायचा.

मला शंका आली, पण खात्री नव्हती. कोपऱ्यातल्या एका झाडाच्या एका पानावर पिंपातल्या पाण्याचे थेंब टाकले, दुसऱ्यावर कोमट पाण्याचे, तिसरं कोरडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर काका कुंडीपुढे बसलेले. गार पाण्याच्या पानावर वर्तुळं उमटत होती. बाकी दोन्ही पानं तशीच होती.

"म्हणजे रोग नाय," ते म्हणाले. "मीच."

"वर्तुळं राहतील, पण झाड मरत नाही त्यांनी," मी घाईने म्हणाले.

"मग ही का मान टाकतीय?" त्यांनी पट्टेवाली पुढे सरकवली.

ही काकूंची लाडकी. पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध जांभळा पट्टा. पानं मलूल झालेली. तहान लागली असेल म्हणून काका दिवसातून तीनदा पाणी घालत होते. मी कुंडी उलटी करून झाड अलगद बाहेर काढलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत. मधला कोंब बोटाखाली दबला. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून बुडालेलं झाडही तहानलेल्यासारखंच दिसतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. समोरच्या माणसाला ते कसं सांगायचं, हे शिकवलं नव्हतं.

काकांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. "तिला ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा मनात म्हणलं होतं, हे झाड टिकलं तर ती घरी येईल. कशाला म्हणलो असं? कोणी सांगितलं होतं?"

एकच पान अजून टणक होतं. ब्लेड उकळत्या पाण्यातून काढलं, देठ तिरपा कापला, ओलसर वाळूत खोचला आणि वरून पारदर्शक पिशवी बांधली. बाकीच्या कुंड्या मी थंड काचेपासून आत सरकवल्या. "आता पाणी कोमट. बशीत घालायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं," मी बजावलं. ते मान हलवत होते, ऐकत मात्र नव्हते.

"तिला बोलू नको हां. डॉक्टर म्हणलेत, धक्का नको."

चार वाजता मीही सोबत गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या.

"काय हो, पट्टेवाली कशी आहे?"

"झकास. कळी धरलीय."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि नखांकडे पाहिलं. नखांत निळं भरलेलं होतं.

"कळीला मोरचूद लागतं व्हय?"

काकांनी हात मागे ओढून घेतला.

"मेली ना?"

"पान लावलंय, काकू," मी पुटपुटले.

त्यांनी डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. चादर वर, खाली. पुन्हा वर. मग ओठ हलले. "हबका मारला असेल. जन्मभर दुसरं केलंय काय? लग्नात माझ्या शालूवरपण मारला होता." त्या हसल्या, टाके ओढले म्हणून कळवळल्या, आणि काका धावत नर्सला बोलवायला गेले.

काकू संक्रांतीच्या आधी घरी आल्या. फेब्रुवारीत वाळूतून उंदराच्या कानाएवढी दोन पानं वर आली. त्या दिवशी काकांनी आळीत पेढे वाटले. पण कॉलेजातल्या सरांनी मला सांगितलं होतं की अशा पट्ट्याच्या जातीचा पट्टा पानापासून केलेल्या रोपात बहुतेक उतरत नाही. मी ते काकांना सांगितलं. लपवायला हवं होतं का, कोण जाणे.

काकूंची दर महिन्याला तपासणी असायची. त्या सकाळी काका मला जिन्यात गाठायचे, हातात ती छोटी कुंडी. काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच विचारायचे.

"सायले, फूल नुसतं जांभळं आलं, तरी हे तेच झाड म्हणायचं ना गं?"