टाकीवरचा माणूस

माधवनगरजवळच्या ओढ्याकाठी गिरणीच्या चाळींचं सांडपाणी निवळायच्या टाक्या होत्या. निवळलेलं पाणी तिथला एक माणूस रोज सकाळी ओढ्यात सोडी. खाली पात्रात कुणी दहाव्याला बसलं, तर मात्र कावळा पिंडाला शिवेपर्यंत तो टाकीचं दार उघडत नसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

बासष्टच्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीच्या दहाव्याला कावळा येईना. वर मुकादम ओरडत होता, “सोड की रं पानी! टाकी उतू गेली तर घरी बसशील. त्यो काय तुझा पावना हाय व्हय?”

“पावना न्हाई. पर पिंड वाळूवर हाय, जाईल की वाहून.”

त्याची नोकरी जाऊ नये म्हणून मी भटजींना दर्भाचा कावळा करायला सांगितलं. तिला तसा निरोप देणं जिवावर आलं होतं. माझं बोलणं ऐकून तो टाकीवरचा माणूस काठावर आला.

“आवं, गडबड नगा करू. टाकीत वीतभर जागा हाय अजून.”

बऱ्याच वेळानं कावळा शिवला. त्या माणसाला हात जोडायला वर गेलो, तर टाकी काठोकाठ भरली होती, आणि तो घामाघूम होऊन बादलीनं पाणी उपसत बांधावरच्या गवतात ओतत होता.