भरलेली बाटली
प्रवासाला निघताना बायको पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळते, त्या वासानं मला आई आठवते. मे महिन्यात एका लग्नासाठी मी तिला गाडीतून तीर्थपुरीला नेत होतो. तिनं लघवीला थांबायला सांगितलं, तसा मी वैतागलो, "आई, आत्ताच थांबलो होतो ना? असं थांबत राह्यलो तर लग्न लागून जाईल." "बरं बाबा, चल." नंतर पाणी पी म्हटलं, तर म्हणाली, "तहानच न्हाई." घनसावंगीच्या अलीकडं तिची मान कलली. दवाखान्यात सलाईन लागल्यावर तिनं डोळे उघडून विचारलं, "लागलं का रे लग्न?" गाडीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली तिची बाटली गच्च भरलेली होती. घरी मी सांगितलं, ऊन लागलं. तिनंही शेवटपर्यंत तेच सांगितलं. आता वाटेत बायकोची बाटली भरलेली दिसली, की मी न विचारता गाडी थांबवतो.