लोर्नाला हवा होता किटलेल्या दातांचा माणूस

आमच्या सरकारी कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर मी बसतो. वेल्डिंग, नर्सिंग, डिझेल इंजिन, हिशेबनिशी, सगळं मिळतं. दोन वर्षं इथे काढून मोठ्या विद्यापीठात जायचं असेल तर गणित-इतिहासही. खाण बंद पडली की निम्मं गाव माझ्यासमोर उभं राहतं. लोर्ना हल्टग्रेन अशीच आली. चाळिशी उलटलेली, नवरा खाणीतून घरी बसलेला, स्वतः किराणा दुकानात गल्ल्यावर. तिनं लोकांचे दात साफ करायचा कोर्स निवडला.

"या वयात लोकांच्या तोंडात हात घालणार?" मी विचारलं.

"इतकी वर्षं त्यांच्या तोंडी लागलेच की!"

पण हा कोर्स भलताच. शेवटच्या परीक्षेला पेशंट आपला आपण आणायचा. तोही कसा, तर दातांवर चांगलं किटण चढलेला. किटण कमी निघालं तर परीक्षक पेशंटला घरी पाठवतात आणि विद्यार्थ्यालाही. मग पुढच्या वर्षी या. लोर्नाला डुलुथ शहरातल्या दातांच्या एका दवाखान्यात नोकरी ठरली होती, पण लायसन्स उन्हाळ्याआधी हवं होतं. तोवर घर कसंबसं चाललेलं.

तिची झोप उडाली. चर्चमध्ये कुणी हसलं की ही त्याच्या दातांकडे बघायची. शेवटी तिचा अर्व्हिडमामा सापडला. म्हाताऱ्यानं आयुष्यात डेंटिस्टची पायरी चढली नव्हती. तिला शिकवणाऱ्या बाईंनी त्याला तपासून पसंत केलं. तरी लोर्ना रोज खिडकीशी यायची.

"मामा बर्फात घसरून पडला तर?"

"पडला तरी दात घेऊनच पडेल ना!"

असं म्हणायचो, पण तिचा घोर मलाही लागला होता.

परीक्षेच्या सकाळी मामा वेळेवर आला, सूट घालून. लोर्नाकडे बघून हसला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दात लखलखत होते.

"काल शेजारच्या गावी जाऊन साफ करून आलो," मामा म्हणाला. "तुझ्या मास्तरांपुढे तुझी मान खाली जायला नको, पोरी."

आमची माणसं अशीच. गाडी मेकॅनिककडे न्यायची तरी आधी धुऊन नेतात. लोर्ना रागावलीसुद्धा नाही. "छान दिसताय, मामा," म्हणाली आणि भिंतीला टेकली. मला असा संताप आला, पण शिव्या घालायच्या कुणाला? खिडकीतूनच ओरडलो, "अरे, या गावात एक घाणेरडं तोंड मिळू नये?"

तिच्याशेजारी उभ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दातांकडे. लोर्नानंही पाहिलं आणि झटकन नजर वळवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मला का नाही गं विचारलंस?"

"कसं विचारणार, ग्लेन? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वाटलंच. कान तापले. खिडकी बंद केली आणि तिच्यामागून परीक्षेला निघालो.

एक्स-रे झाला. परीक्षक दिवा धरून माझ्या तोंडात वाकला. एकेक दात आरशानं तपासला. लोर्ना ट्रे घट्ट धरून उभी होती. मग त्यानं पलीकडच्या परीक्षकाला हाक मारली, "अहो, हे बघायला या!"

"चालतील?" लोर्नानं विचारलं.

"चालतील काय? असा पेशंट शोधून मिळत नाही, बाई!"

तिनं डोळे पुसले, हातमोजे चढवले.

"दुखेल हं, ग्लेन."

दुखलं. पुष्कळ दुखलं. पण ती पास झाल्याचं कळेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही.