चिंधाकाकांची दोरी

चिंधाकाका म्हणजे आमच्या गोडादऱ्यातले मास्तर. शाळेतले नाही, मागांचे. पॉवरलूमचा माग बिघडला की दुरुस्त करणारे. अमळनेरकडचे, घरात अहिराणी, शेठशी गुजराती आणि आम्हा पोरांशी जे तोंडात येईल ते. आयुष्यभर सायकलवर फिरले, आणि तरी आम्हाला मोटरसायकलची रेस त्यांनीच शिकवली. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

खाडीच्या मागे मोकळं मैदान होतं, नुसते खड्डे नि मातीचे ढीग. तिथे आम्ही जुन्या राजदूत आणि यामाहा उडवायचो, पायात चपला घालून. काका एक रविवार नुसते बघत बसले. पुढच्या रविवारी पोतं घेऊन आले. आत मागावरून काढलेले जाड चामड्याचे तुकडे. स्वतः शिवून त्यांनी आमच्या गुडघ्यांना नि कोपरांना पट्टे केले. मग नियम आले. हेल्मेट नाही तर गाडीला हात नाही. बूट नाही तर घरी जा. पुढचा उडी मारून खाली येईपर्यंत मागच्याने ढिगावर चढायचं नाही.

आणि दोरी. एक टोक मनगटाला, दुसरं हँडलवरच्या चिमट्याला. माणूस पडला की दोरी खेचली जाते, चिमटा निघतो, इंजिन बंद. ही अक्कल त्यांना मागावरून सुचली. मागात एक छोटा काटा असतो, आडवा धागा तुटला की तो काटा माग थांबवतो. काका म्हणायचे, "धागा तुटना का माग थांबस. माणूस पडना का गाडी थांबाले जोयजे."

स्टार्टच्या आधी प्रत्येकाची दोरी ते स्वतः ओढून बघायचे.

आमच्यात प्रवीण सगळ्यात भारी. दिवसा काकांच्याच कारखान्यात आठ माग सांभाळायचा. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत चलथाणला, ऊस तोडून झालेल्या एका शेतात रेस ठरली. पहिला येईल त्याला एक गाड्यांचा डीलर आपल्या टीममध्ये घेणार होता. म्हणजे प्रवीणची मागातून सुटका. काका तेव्हा दोन महिने त्याच्याच गाडीत डोकं घालून बसलेले. हा एक तरी बाहेर पडू दे, असं शोभाबाईंना, म्हणजे प्रवीणच्या आईला, रोज सांगायचे.

प्रवीणची एकच तक्रार होती. उंच उडीला हात वर जातो, दोरी खेचली जाते, गाडी हवेतच बंद. तोवर चार जण पुढे. काका म्हणाले, जाऊ दे चार जण.

रेसच्या दिवशी काकांनी आयोजकाला विचारलं, मोठ्या ढिगापलीकडे झेंडा घेऊन कोण उभा आहे? कोणीच नव्हतं. तो हसून म्हणाला, "काका, आ रेस छे, निशाळ नथी." म्हणजे शाळा नाही ही. मग काका स्वतःच निघाले, डाग लागलेल्या पिवळ्या साडीचा तुकडा काठीला बांधून. जायच्या आधी सगळ्यांच्या दोऱ्या ओढल्या. प्रवीणची पण. गाडी बंद पडली. बरोबर होतं.

काका लांब गेल्यावर प्रवीणने खिशातून बारीक तार काढली आणि चिमटा हँडलला करकचून बांधला. मी बघितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लक्ष ठेवतो ना मी. मागावर नाही का ठेवत?" जिंकेल असं वाटलं, म्हणून बोललो नाही, बस.

चौथ्या चक्करला तो पहिला होता. ढिगावरून उडाला, पुढचं चाक उसाच्या बुंध्यात अडकलं आणि तो पडला. गाडी त्याच्या पायावर. काकांनी झेंडा हलवला, मागचे सगळे थांबले, कोणी अंगावरून गेलं नाही. पण इंजिन चालूच. मागचं चाक फिरत राहिलं आणि चेनने पाय ओढत नेला. काका धावत गेले, दोरी ओढली, परत ओढली. मग त्यांना तार दिसली.

उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

दवाखान्याच्या बाकावर शोभाबाई पदर तोंडात धरून बसलेल्या. मी काकांना म्हणालो, तुमची काय चूक, तुम्ही तर दोरी बघितली होती. ते म्हणाले, "कारखानामा मीच शिकाडं त्याले."

तेव्हा कळलं. मागाचा काटा जुना झाला की धागा तुटलेला नसताना पण माग थांबतो. कारागिराचे मीटरवर मिळणारे पैसे बुडतात, शेठ ओरडतो. म्हणून मास्तरच काटा तारेने बांधून देतात आणि सांगतात, लक्ष ठेव. प्रवीण पंधरा वर्षांचा असताना काकांनी त्याच्या हातात पक्कड देऊन हेच शिकवलेलं.

सोमवारी काकांनी कारखान्यातल्या सगळ्या मागांच्या तारा कापल्या. माग सारखे थांबायला लागले. शेठला काही बोलावंच लागलं नाही, संध्याकाळपर्यंत कारागिरांनी स्वतःच परत बांधल्या. काकांनी बघितलं आणि पक्कड खिशात ठेवली. मैदानावर त्यानंतर ते आलेच नाहीत. प्रवीण आता घरी बसून मागासाठी धाग्याच्या कांड्या भरतो. काकांशी बोलतो, नीट बोलतो, तेच काकांना सहन होत नाही.

गेल्या रविवारी मी काकांबरोबर चहाच्या लारीवर होतो. मैदानावर नवीन पोरं आलीत, आवाज तिथपर्यंत येतो. ना हेल्मेट, ना दोरी. मी म्हटलं, काका, एकदा येऊन सांगा ना त्यांना. ते म्हणाले, सांगीसन काय?

तेवढ्यात एक गाडी पडल्याचा आवाज आला. पोरांचा गलका थांबला, इंजिन चालूच राहिलं. काका अर्धे उठले, कप हातातच. आम्ही दोघं ऐकत राहिलो. बऱ्याच वेळाने कोणीतरी ते हाताने बंद केलं.

काका परत बसले. चहा गार झाला होता, तोच प्यायले.